उसनं नाक

आमच्या ह्यांचं नाक गेलं. म्हणजे जागेवर आहे, चांगलं ठसठशीत आहे, चष्माही त्यावर नीट बसतो. पण त्याला वास येईनासा झाला. तीन आठवडे ताप होता. ताप उतरला, तोंडाला चव नसली तरी भूक लागू लागली, आणि गाडी रुळावर आली असं मला वाटत असतानाच एका सकाळी गॅसवर दूध करपलं. हे शेगडीपासून दोन हातांवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी न्हाणीघरातून ओरडत आले, "अहो, घर जळलं तरी उठणार नाही का?" तर मान वर करून विचारतात, "का? काय झालं?"

मी पातेलं उचलून त्यांच्या नाकाखाली धरलं. त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर मी दोन दिवस हळहळले असते आणि विसरले असते. पण ह्यांचा सगळा डोलारा त्या नाकावर उभा होता, आणि त्याचं कारण मागच्या खोलीतला मेलेला फ्रिज.

ह्यांनी जन्मभर लोकांचे फ्रिज दुरुस्त केले. अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाने खूश होऊन ह्यांना आंबवलेल्या चहाची एक चकती दिली. हा चहा म्हणजे आपल्या डब्यातली भुकटी नव्हे. पानं वाफवून, दाबून त्यांच्या बशीएवढ्या चकत्या करतात, कागदात गुंडाळतात आणि वर्षानुवर्षं मुरत ठेवतात. जितका जुना तितका भारी. मी तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर काढली. मुदत संपली की माल बाजूला काढायचा, हे माझ्या हाडीमांसी खिळलेलं. आणि इथे आमचे हे, मुदत कधी संपते याची वाट बघत बसलेले! त्या चकत्यांना मी पेंड म्हणते. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणते.

एका चकतीच्या पुढे तीस झाल्या. त्या ठेवायला ह्यांनी भंगारात निघालेला एक फ्रिज घरी आणला, त्याचा कॉम्प्रेसर काढून टाकला आणि आत लाकडी फळ्या बसवल्या. आता त्यात थंडावा शून्य. उरला तो घट्ट दाराचा एक मोठा डबा. आत वाटीत ओला स्पंज, आणि हवेतला ओलावा मोजायचं एक काट्याचं यंत्र. काटा पासष्टच्या आसपास हवा. साठवर आला की ह्यांचा चेहरा पडतो, सत्तरच्या पुढे गेला की बुरशीच्या भीतीने ह्यांना घाम फुटतो. रोज सकाळी दहा मिनिटं दार उघडं ठेवायचं, चहाला श्वास घ्यायला. मला लग्नापासून सलग दहा मिनिटं श्वास घेऊ दिल्याचं आठवत नाही, पण ते असो.

हा चहा म्हणे शेजारच्या कशाचाही वास ओढून घेतो. म्हणून अकरा वर्षं आमच्या घरात फिनेल नाही, डासांची कॉइल नाही, आणि लसूण परतायचा तर मागच्या खोलीचं दार लावून, फटीत टॉवेल कोंबून. एकदा माझ्या बहिणीने कपाळाला बाम चोळला, तर ह्यांनी तिला मोठ्या आदराने खुर्चीसकट गॅलरीत नेऊन बसवलं. ती नंतर वर्षभर आली नाही. त्याचं श्रेय मात्र मी चहाला प्रामाणिकपणे देते.

दर दुसऱ्या रविवारी ह्यांचं चहामंडळ जमतं. तिघं पाहुणे. एका शाळेच्या निवृत्त हेडबाई, ज्या अजूनही समोरच्याला वर्गातच धरतात. नाक्यावरचे टेलरमास्तर, ज्यांना कुठलीही गोष्ट एकदम पटते. आणि दातांचे डॉक्टर, जे फार बोलत नाहीत, कारण त्यांच्या कामात समोरच्यालाही बोलता येत नाही. हे तिघंही आमच्या ह्यांना 'नाकसाहेब' म्हणतात. एकदा मास्तरांनी आणलेली चकती ह्यांनी नुसती नाकापाशी नेली आणि म्हणाले, "मास्तर, ही इस्त्रीच्या टेबलाशेजारी ठेवली होती." मास्तरांनी कान पकडले. त्या दिवसापासून ह्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. एरवी हा माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या रविवारचे दोन तास हे असे काही ताठ बसतात की मी पाणी द्यायच्या निमित्ताने उगीच दोनदा आत डोकावते.

तापामुळे दोन रविवार बुडाले होते. आता येणाऱ्या रविवारी ती पहिली चकती, ह्यांची 'थोरली', फोडायची ठरली होती. वर्षभरापासून ठरलं होतं.

"मी नाही बसणार," हे म्हणाले. "डोकं दुखतंय म्हणून सांग. आणि पुढच्या आठवड्यात फ्रिज उचलून मास्तरांकडे पाठवून देऊ."

"सगळा?"

"मग काय करू? नाक नसलेल्या माणसाने चहा साठवायचा म्हणजे..."

खरं तर मी आनंदाने उडी मारायला हवी होती. अकरा वर्षांनी मागची खोली मोकळी होणार होती. तिथे मी शिलाई मशीन ठेवणार होते, खिडकीला फुलाफुलांचा पडदा लावणार होते, सगळं मनात तयार होतं. पण हे त्या फ्रिजसमोर स्टुलावर जाऊन बसले, सकाळची दहा मिनिटं संपून अर्धा तास झाला तरी दार लावायला उठले नाहीत, आणि मला काही ते बघवेना. ताप उतरल्यापासून हा माणूस दिवसभर जिथे ठेवावा तिथेच असायचा. त्या दहा मिनिटांपुरता तेवढा उठायचा.

"माझं नाक घ्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी कॉम्प्रेसर सोनाराकडे दुरुस्तीला टाकायला सांगतेय. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं तुम्हाला. मी नुसता वास घ्यायचा."

मग खुणा ठरल्या. मी चष्मा वर सारला म्हणजे लाकूड. बांगडी फिरवली म्हणजे ओली माती. कानाला हात म्हणजे गोडवा, मधासारखा. घसा खाकरला म्हणजे कुबट. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागे नाही, समोर उभं राहायचं, म्हणजे त्यांना दिसेन. हे सगळं ठरवताना त्यांना इतका हुरूप आला की दुपारी त्यांनी स्वतःहून दाढी केली.

शनिवारी सकाळी रंगीत तालीम. ह्यांनी दार उघडलं, थोरलीचा कागद दोन्ही हातांनी उलगडला आणि डोळे मिटून चकती माझ्यासमोर धरली. "सांग."

मी वाकले, श्वास घेतला आणि तशीच मागे सरले.

कापूर. लाकूडबिकूड काही नाही, मातीही नाही. शुद्ध, खणखणीत कापूर. आणि तो कुठून आला हे मला विचारायची गरज नव्हती.

हे तापात पडले होते तेव्हा मी गरम कपडे काढायला घेतले. कपाटात कसर लागलेली. फ्रिजच्या खालचा भाजीचा खण रिकामा होता, दार कसं घट्ट. मी माझे दोन स्वेटर आणि शाल त्यात ठेवली आणि रुमालात बांधून मूठभर कापराच्या वड्या. खण वेगळा, फळ्या वेगळ्या, असा माझा विचार. दुकानातल्या फ्रिजमध्ये डोळ्यांचे थेंब, मलमं, लशी सगळं शेजारीशेजारी नांदायचं, कुणाचा वास कुणाला लागलेला मी पाहिला नव्हता. ते सगळं सीलबंद असायचं हे डोक्यातच आलं नाही. बरं, ह्यांनी बजावल्याप्रमाणे तापाच्या दिवसांत रोज दहा मिनिटं दार मीच उघडत होते. तेव्हा मला कापराचा वास येत नव्हता का? येत होता की! आपणच ठेवलेल्या कापराचा वास आला तर त्यात नवल काय, म्हणून मी दार लावत होते.

"काय येतंय?" ह्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"लाकूड," मी म्हटलं.

"कसं? जुनं?"

"चांगलं जुनं."

त्यांनी डोळे उघडले. महिनाभरात मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, आणि मला स्वतःच्या जिभेचा राग राग आला. सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. पण सांगून झालं असतं काय? अकरा वर्षं जपलेली वस्तू बायकोने नासवली हे कळलं असतं, आणि ती किती नासली हे तपासायलाही ह्यांना माझंच नाक लागलं असतं. हे न्हाव्याकडे गेल्यावर मी खणातले कपडे काढून पलंगाखाली ढकलले, सगळ्या चकत्या टेबलावर मांडल्या आणि अर्धा तास वर्तमानपत्राने वारा घातला. माझे हात भरून आले. कापूर जागचा हलला नाही.

रविवारी चार वाजता मंडळ आलं. हेडबाईंनी आल्या आल्या सगळ्यांच्या खुर्च्या सरळ केल्या. ह्यांनी बोथट टोच्याने थोरलीच्या कडेपासून पापुद्रा सोडवावा तसा चहा सुटा केला, मातीच्या छोट्या किटलीत टाकला, उकळतं पाणी ओतलं आणि ते पहिलं पाणी रीतीप्रमाणे ओतून दिलं. मी तांब्या घेऊन समोर उभी.

किटलीचं झाकण उघडून ह्यांनी ते नाकापाशी नेलं, मग माझ्याकडे पाहिलं.

माझ्याजवळ कापराची खूण नव्हती. ठरलेलीच नव्हती. लाकूड सांगावं तर तिघांची नाकं शाबूत. ह्यांची पुरती शोभा झाली असती. मी खांबासारखी उभी राहिले. आणि नेमका तेव्हा माझ्या कानाच्या पाळीवर डास बसला. कॉइल बंद, मग डास असणारच. माझा हात आपोआप गेला.

"मध," हे भारदस्त आवाजात म्हणाले. "मधाचा गोडवा."

टेलरमास्तरांना एकदम पटलं. "अगदी मध!" ते वास घेण्याआधीच म्हणाले.

हेडबाईंनी झाकण घेतलं. हुंगलं. भुवया वर गेल्या. "मध? नाकसाहेब, काय बोलताय? हा कापूर आहे!"

डॉक्टरांनी हुंगलं आणि मान डोलावली. मास्तरांनी खरोखर हुंगलं आणि उभेच राहिले. "कापूर! अहो, कापूर आलाय!"

मला वाटलं, संपलं. पण हेडबाईंचे डोळे चक्क भरून आले होते. तेव्हा मला कळलं ते असं, की या चहात मुरता मुरता क्वचित कापराचा वास आपोआप उतरतो, आणि तो उतरणं म्हणजे या लोकांच्या दृष्टीने पहिला नंबर. कुणाकुणाच्या चहाला पंचवीस वर्षं तो येत नाही. आमच्या थोरलीला तो अकरा वर्षांत आला होता.

"आणि हा विनय बघा," मास्तर म्हणाले, "स्वतः कापूर म्हणाले नाहीत. मध म्हणाले. आपल्या तोंडून निघावं म्हणून!"

तिघंही ह्यांच्याकडे देवमाणूस बघावा तसे बघत होते. हे किटलीकडे बघत होते. मला वाटलं, आता हे ताठ होतील, छाती फुगवतील, आणि माझं पाप पोटात ठेवून मी आयुष्यभर गप्प बसेन. चाललंही असतं मला. पण नाकासमोर चालणाऱ्या माणसाला वळण कुठे घेता येतं? ह्यांनी किटली खाली ठेवली.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "तापापासून काहीच येत नाही. मध नाही, कापूर नाही. हिच्या खुणा बघून बोललो. तुम्हाला फसवणार होतो, माझं चुकलं. फ्रिज मास्तरांनी घेऊन जावा."

मास्तर हळूच खुर्चीत बसले. ह्यांनी मान खाली घातली होती, आणि ती खाली गेलेली मान माझ्याच्याने पाहवेना. हा मनुष्य सगळ्यांसमोर खरं बोलून मोकळा झाला होता आणि मी तांब्या कवटाळून उभी होते.

"कापूर माझा आहे," मी म्हटलं. "मी स्वेटरमध्ये घातला होता. खालच्या खणात. चहात काही उतरलंबितरलं नाही. मी नासवलाय तो."

हे माझ्याकडे बघतच राहिले.

"वहिनी," हेडबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "नवऱ्याची बाजू घेताय, चांगलं आहे. पण कपड्यातला कापूर वेगळा आणि मुरलेल्या चहातला वेगळा. तो फरक नाकाला कळावा लागतो."

"अहो बाई, तोच कापूर आहे!"

"तुमचं शिक्षण औषधांचं. तिथे सगळं एकाच नाकाने हुंगतात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तरातरा गेले, पलंगाखालून स्वेटर ओढून काढला आणि टेबलावर आपटला. "घ्या! घ्या वास!"

मास्तरांनी स्वेटर उचलला, तोंडावर धरला, दीर्घ श्वास घेतला. मग डोळे विस्फारून सगळ्यांना म्हणाले, "बघा, बघा! चहाचा वास स्वेटरला लागलाय! काय ताकदीचा चहा आहे!"

हेडबाईंनी हुंगून दुजोरा दिला. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यानंतर मी काहीही बोलले तरी ते माझ्या पतिप्रेमाच्या खाती जमा होत गेलं, म्हणून मी नाद सोडला. चहाची सात पाणी झाली. प्रत्येक वाटीला मास्तरांना कापूर वेगवेगळ्या ठिकाणी लागत होता, एकदा तर गुडघ्यात.

फ्रिज न्यायचं कुणी नावच काढेना. ह्यांनी पुन्हा विषय काढला तेव्हा हेडबाईंनी दटावलं, "नाक गेलं म्हणून हात गेले का? चहा मुरवायला काय नाक लागतं? तुम्ही मुरवा. वास सांगायला वहिनी आहेत. रविवारी चार वाजता, उशीर चालणार नाही." एवढं म्हणून त्या निघाल्या, मास्तर मागोमाग. डॉक्टर शेवटी चपला घालत होते. दिवसभरातलं पहिलं वाक्य ते तेव्हा बोलले.

"वहिनी, थोरलीनंतरच्या चकतीसाठी शालही ठेवा." आणि गंभीर चेहऱ्याने जिना उतरले.

संध्याकाळी मी वाट्या धुवत होते आणि हे पुसत होते. मी आता बोलणी खायची तयारी ठेवली होती. ह्यांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले तेव्हा मला धस्स झालं. पाहते तर हे हसत होते. "स्वेटरला चहाचा वास," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा सुरू. शेवटी मलाही आवरेना. दोघं मोरीपाशी पोट धरून उभे. हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, "अकरा वर्षांची वस्तू नासवली मी तुमची. रागवा तरी."

"रागावीन सावकाश," ते म्हणाले. हातातली वाटी ते पुसून झाली तरी पुसतच होते. "चहाचं निभेल गं. तू सांगशील, मी ऐकेन. दुसरंच एक निभत नाही."

"काय?"

"तुझ्या केसांना एक वास असतो. दिवस मावळायला आला की जास्त. रोज आठवून बघतो, आठवत नाही." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेवढा सांग ना. कसा असतो तो?"

मी ओले हात पदराला पुसले. मानेमागून वेणी पुढे घेतली, नाकाशी धरली. श्वास घेतला, पुन्हा घेतला, डोळे मिटून घेतला. हे वाट बघत होते.

"मला नाही हो येत," मी म्हटलं. "तो तुम्हालाच माहीत होता."